कर्ज मागताना कागदही मागा

कर्ज मिळणे हा कोणाचा हक्क नाही. बँक नाही म्हणू शकते. पण अर्ज घेतल्याची पोच, नाकारला तर लेखी कारण, मंजूर झाला तर खर्चाचा पूर्ण हिशेब आणि सह्या केलेल्या कागदांची प्रत, या चार गोष्टी बँकेने द्यायच्याच असतात. रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराची संहिता काढली ती ५ मे २००३ रोजी. लेखी कारण देण्याचे बंधन आधी २ लाखांपर्यंतच्या कर्जापुरते होते, २००७ मध्ये ते सगळ्या रकमांना लागू झाले. इतकी वर्षे झाली, तरी "साहेब नाही म्हणाले" एवढे ऐकून माणूस काउंटरवरून मुकाट्याने परत फिरतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत हे परत फिरणे महाग पडते. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणारा रस्ता इथे फुटतो आणि अहेरी, सिरोंचा, भामरागड अशा वाटा निघतात. एटापल्ली-भामरागडच्या बाजूच्या गावांना बँकेच्या कामासाठी बरेचदा इथे किंवा अहेरीला यावे लागते. भामरागडहून साठ-पासष्ट किलोमीटर येऊन "उद्या या" ऐकले की बसभाडे गेले, एका दिवसाची मजुरी गेली आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्कामही पडला. कर्जाच्या खर्चात हे कोणी धरत नाही. माणूस दोन-तीन खेपा घालतो, थकतो आणि गावातल्याच कोणाकडून शेकड्याने पैसे उचलतो. म्हणून पहिल्याच खेपेला पोच घ्यायची. २ लाखांपर्यंतच्या अर्जाच्या पोचपावतीवर निर्णय किती दिवसांत होईल, तेही लिहायचे असते. ती तारीख हातात असली की मधल्या फुकटच्या खेपा वाचतात.

एकाच वीस हजारांचे पाच भाव

धानाच्या हंगामाला पैसा जून-जुलैत लागतो आणि हातात येतो तो धान विकल्यावर. मधल्या सहा महिन्यांसाठी २० हजार रुपये घेतले आणि सगळे एकदम परत केले, असे धरू. व्याज किती पडेल?

बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज ७ टक्क्यांचे, म्हणजे सहा महिन्यांचे ७०० रुपये. मुदतीत फेडले की केंद्राची ३ टक्के सूट मिळून ते ४०० वर येते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्यच पडते. उमेद अभियानातल्या बचत गटाला बँकेकडून ३ लाखांपर्यंत मिळणारे कर्ज ७ टक्क्यांचे, तिथेही बँकेचे व्याज ७०० रुपये. मायक्रोफायनान्स कंपनीचा दर २४ टक्के धरला तर २,४००. परवानाधारक सावकाराला शेतीसाठी विनातारण दिलेल्या पैशावर कायद्याने वर्षाला १२ टक्केच घेता येतात, म्हणजे १,२००. आणि गावात सर्रास चालते ते शेकडा पाच, महिन्याला. वर्षाला ते ६० टक्के होतात आणि सहा महिन्यांचे ६,००० रुपये.

शून्य आणि सहा हजार यांच्यामधले अंतर तुमच्या ऐपतीवर ठरत नाही. ते ठरते तुम्ही कोणत्या दारात, कोणत्या महिन्यात आणि कोणते कागद घेऊन उभे राहता यावर. पीककर्जासाठी एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. तेंदूपत्त्याचा हंगाम त्याच दिवसांत येतो हे खरे, पण घरातल्या एकाने तरी एक दिवस त्यासाठी काढावा. पाऊस लागल्यावर गर्दीही वाढते आणि गरजही, आणि अशा वेळी माणूस पुढे सरकवलेल्या कोणत्याही कागदावर सही करतो.

अर्जाआधीचा खर्च

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये, आठ-अ १५ रुपये. सेवा केंद्रातून काढला तर त्यांचे शुल्क वेगळे. क्रेडिट रिपोर्ट फुकट, त्याबद्दल पुढे सांगतो. करारासाठी मुद्रांक लागला तर १०० आणि २०० रुपयांचे दिवस संपले. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात बहुतेक करारांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांक कशासाठी लागतो आहे हे विचारा आणि तुमच्या नावावर घेतलेला कागद कोरा असताना त्यावर सही करू नका.

यापुढे मात्र हात आखडता घ्या, कारण इथून पुढे जे मागितले जाते त्यातले बरेच मागायचेच नसते.

'नो ड्यूज'चे घ्या. अहेरी-आलापल्लीच्या प्रत्येक बँकेतून, सोसायटीतून, पतसंस्थेतून "यांच्याकडे आमचे काही येणे नाही" असा शिक्का आणायला शेतकऱ्याला अजूनही पाठवले जाते. रिझर्व्ह बँकेने २८ जानेवारी २०१५ च्या परिपत्रकाने ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या वैयक्तिक कर्जदारांसाठी, बचत गटांसाठीसुद्धा, रक्कम कितीही असो, ही अट काढून टाकायला बँकांना सांगितले आहे. एखाद्या सरकारी योजनेतच ती अट असेल तर गोष्ट वेगळी. बँकेला तुमची बाकी पाहायची असेल तर ती क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहू शकते किंवा तुमचे स्वयंघोषणापत्र घेऊ शकते. शिक्के गोळा करण्यात दोन दिवस आणि प्रत्येक ठिकाणचे शुल्क जाते, ते तुमच्या माथी मारण्याचे कारण नाही. तरीही आग्रह झाला तर शांतपणे सांगा, "साहेब, नो ड्यूज लागते हे मला लिहून द्या." या वाक्यावर काम बरेचदा पुढे सरकते.

तसेच प्रोसेसिंग फीचे. अग्रक्रम क्षेत्रातल्या, म्हणजे शेती, छोटा धंदा, बचत गट अशा कर्जांवर ५० हजार रुपयांपर्यंत बँकेने कर्जासंबंधीचे सेवाशुल्क किंवा तपासणी शुल्क लावायचे नाही. आधी ही मर्यादा २५ हजार होती, १ एप्रिल २०२५ पासून ती दुप्पट झाली. गटाच्या कर्जाला ती प्रत्येक सदस्यामागे मोजायची, म्हणजे दहा बायकांच्या गटाने ४ लाख घेतले तर माणशी ४० हजारच झाले आणि शुल्क लागू नये.

आणि तारण. शेतीसाठी २ लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना द्यायचे असते, मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून वाढली आहे. आपल्या जिल्ह्यात या नियमाला वेगळे वजन आहे. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. "पट्टा गहाण ठेवता येत नाही, म्हणून कर्ज नाही" असे पट्टेधारकांना ऐकवले जाते. अहो, २ लाखांच्या आत गहाण मागायचेच नाही, तर हे कारण टिकते कसे? पट्ट्यावर पीक उभे असेल तर ते दाखवा, धान खरेदी केंद्रावरच्या पावत्या जोडा आणि तरीही नकार आला तर नेमके हेच कारण लेखी मागा. मागितल्यावर ते कागदावर उतरवणे अवघड जाते.

राहिला दलाल. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत आणि आधीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत मिळते. यातल्या एकाही कर्जासाठी सरकारने कोणी मध्यस्थ नेमलेला नाही. "फाईल पास करून देतो" म्हणणाऱ्याचा खर्च शून्य धरा आणि तो शून्यच ठेवा.

हप्ता विचारू नका, दोन आकडे विचारा

दुचाकी असो, फ्रिज असो की घराचे पत्रे, विकणारा आणि कर्ज देणारा दोघेही हप्ता सांगतात. "महिन्याला अडीच हजार पडतील" ऐकले की मनात गणित बसते आणि सही होते. विचारायचे आकडे दोनच: माझ्या हातात प्रत्यक्ष किती येणार आणि मी एकूण किती परत करणार.

समजा ५० हजारांचे कर्ज दोन वर्षांसाठी घेतले आणि दर सांगितला १२ टक्के फ्लॅट. फ्लॅट म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत गेलात तरी व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर शेवटपर्यंत. दोन वर्षांचे व्याज १२ हजार, एकूण परतफेड ६२ हजार, हप्ता २,५८३ रुपये. घटत्या शिलकीवर हाच दर काढला तर तो १२ नव्हे, साधारण साडेएकवीस टक्के निघतो. आता १ टक्का प्रोसेसिंग फी ५०० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये आणि विम्याचे ९०० रुपये आधीच कापले. हातात आले ४८,५१०. परत करायचे तेच ६२ हजार. खरा वार्षिक दर पावणेपंचवीस टक्क्यांच्या घरात गेला. दुकानात तोंडी सांगितलेले बारा आणि प्रत्यक्षातले पावणेपंचवीस, दोन्ही एकाच कर्जाचे आकडे आहेत.

हे गणित ग्राहकाने घरी बसून करावे अशी अपेक्षाच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक वैयक्तिक कर्जदाराला आणि छोट्या उद्योगाला मुदतकर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते. मराठीत मुख्य तथ्य विवरणपत्र म्हणा, बँकेत केएफएस म्हटले तरी कळते. हा कागद हातात आल्यावर आधी वार्षिक टक्केवारी दर शोधा, एपीआर असे लिहिलेले असते. त्यात व्याजासोबत फी, विमा, कायदेशीर खर्च, दुसऱ्या कंपनीच्या वतीने घेतलेले पैसेसुद्धा मोजलेले असतात. वरच्या उदाहरणात तिथे बारा लिहून चालणार नाही, पावणेपंचवीसच्या आसपासचा आकडा यायला हवा. मग हप्त्यांचा तक्ता पाहा: किती हप्ते, प्रत्येकात मुद्दल किती, व्याज किती. मग हप्ता चुकला तर दंड किती, मुदतीआधी फेडले तर काय आणि तक्रार कोणाकडे करायची. त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर तिथेच असतो.

दोन गोष्टी इथे पक्क्या लक्षात ठेवा. केएफएसमध्ये नसलेली कोणतीही फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत कधीही लावता येत नाही. आणि हा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवा, त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा आणि समजल्याची तुमची सही घ्यायला हवी. आपल्याकडे घरात माडिया किंवा तेलुगू बोलणारी आणि मराठी जेमतेम वाचणारी माणसे पुष्कळ आहेत. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन हे काम भागत नाही. शिवाय सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला केएफएस दिल्यानंतर किमान तीन कामाचे दिवस त्यातल्या अटी बदलता येत नाहीत. म्हणजे कागद घरी नेऊन, शिकलेल्या पोरीला किंवा गावातल्या गुरुजींना दाखवून परत यायला तुम्हाला वेळ आहे. "आजच सही करा, उद्या स्कीम बंद" हे दडपण त्या तीन दिवसांत तुमच्यावर चालत नाही.

विम्याबद्दल एवढेच, की कर्ज हवे म्हणून विमा घ्यावाच लागेल, तोही अमुकच कंपनीचा, अशी सक्ती करता येत नाही. घ्यायचा तर घ्या, कर्ता माणूस गेला तर घराला आधार होतो, पण हप्ता आणि संरक्षण किती हे विचारून घ्या आणि पॉलिसीचा कागद मागून घ्या.

व्याज कोणत्या दिवसापासून सुरू झाले तेही तपासा. पैसे प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिवसापासूनच ते लावायचे, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नाही. एखादा हप्ता आगाऊ कापून घेतला असेल तर व्याज पूर्ण रकमेवर लावायचे नाही. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे बजावले आणि जादा घेतलेले व्याज परत करायला सांगितले. हप्ता चुकल्यावर दंड-व्याज लावायचे दिवसही २०२४ मध्ये संपले. ठरलेला दंड आकारता येतो, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

बायकांच्या गटाचे लोन

मायक्रोफायनान्सची माणसे घरापर्यंत येतात, कागद कमी मागतात, चार दिवसांत पैसे देतात. बँकेच्या खेपांनी कंटाळलेल्या बाईला ते बरे वाटते आणि त्यात तिचे काही चुकत नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून या कर्जांचे नियम स्पष्ट आहेत आणि ते गटातल्या प्रत्येकीला पाठ हवेत.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ते मायक्रोफायनान्स कर्ज. त्याला तारण नाही. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या घरच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. महिन्याला सरासरी ८ हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून ४ हजार, त्यापुढे कर्ज देणे हाच कंपनीचा नियमभंग. इथली मिळकत मोहा, तेंदू, धान, रोजगार हमी अशी तुकड्यातुकड्यांनी येते. मे महिन्याची कमाई बारा महिन्यांना लावून उत्पन्न फुगवून लिहिले की कर्ज मोठे मिळते आणि सप्टेंबरात हप्ता अडतो. फॉर्मवर उत्पन्न किती लिहिले ते सहीआधी मोठ्याने वाचायला लावा. विमा, मोबाइल, सोलर दिवा असे काही कर्जासोबत गळ्यात मारता येत नाही, ते तुमच्या मर्जीवर.

मुदतीआधी फेडले तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड थकलेल्या हप्त्यावर, पूर्ण कर्जावर नाही. तुम्हाला समजेल अशा भाषेतले लोन कार्ड मिळालेच पाहिजे आणि भरलेला प्रत्येक हप्ता, शेवटच्या फेडीसकट, त्यावर नोंदलेला पाहिजे. कार्ड कंपनीच्या माणसाकडे किंवा केंद्रप्रमुख बाईकडे ठेवायला देऊ नका. ते तुमच्या घरात, सातबाऱ्याच्या पिशवीत हवे.

वसुली ठरलेल्या ठिकाणीच करायची. तिथे लागोपाठ दोन वेळा किंवा जास्त वेळा तुम्ही आला नाहीत, तरच घरी किंवा कामावर येता येते. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन किंवा फेरी नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास, गावात नाव जाहीर करणे, सगळे बंद. एका बाईचा हप्ता आला नाही म्हणून बाकीच्यांना रात्र पडेपर्यंत बसवून ठेवणे ही वसुली नव्हे, जबरदस्ती आहे. तारीख, वेळ आणि माणसाचे नाव वहीत लिहा. तक्रारीत तेच उपयोगी पडते.

सिबिल म्हणजे शिक्का नव्हे

"तुमचे सिबिल खराब आहे" हे वाक्य आता आलापल्लीतही रोजचे झाले आहे. कोणी किती कर्ज घेतले आणि कसे फेडले याची माहिती ठेवणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणजे वर्षात चार. अर्जाआधी तो काढा.

रिपोर्टमध्ये बघायचे काय? आधी कर्जे आपलीच आहेत ना ते. मडावी, आत्राम, गावडे ही आडनावे गावोगाव आहेत, पहिले नावही जुळते, तेव्हा दुसऱ्याचे थकलेले कर्ज आपल्या नावावर दिसू शकते. मग फेडलेली कर्जे बंद दाखवली आहेत का. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीत ज्यांचे खाते बेबाक झाले, त्यांनी हे मुद्दाम तपासावे. जामीनदार म्हणून कुठे नाव अडकले आहे का तेही दिसते.

चूक असेल तर कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुमच्या खात्यात जमा व्हायला हवी, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. आणि ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला स्कोअर नसणारच. केवळ जुना इतिहास नाही या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत दिला होता. शाखेत अडवणूक झाली तर त्याची आठवण करून द्या.

मोबाइल, सोने आणि जामीन

ॲपवरच्या कर्जात पैसे थेट तुमच्या बँक खात्यात आले पाहिजेत आणि कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती हे आधी कळले पाहिजे. ॲपला तुमचे फोटो आणि फोनमधले नंबर मागता येत नाहीत. कर्ज नकोसे झाले तर किमान एक दिवसाची मुदत मिळते. तेवढ्यात मुद्दल, त्या काळाचे व्याज आणि केएफएसमध्ये लिहिलेले असेल तर एकवेळचे वाजवी प्रोसेसिंग शुल्क देऊन मोकळे होता येते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादी आहे, त्यात नाव नसलेल्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

सोनेतारण कर्जाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. सोन्याची पारख तुमच्यासमोर व्हायची, वजन-शुद्धतेचा दाखला तुम्हाला मिळायचा, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. फेड झाल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत करायचे. कर्जदात्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. घराजमिनीची मूळ कागदपत्रे अडकवून ठेवली तरी फेडीनंतर ३० दिवसांपुढे हीच भरपाई लागते.

पगारदारांना, म्हणजे शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक यांना, पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याचा आग्रह फार होतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी कर्जदाराकडे वसुली करा, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोय कायद्यात नाही. सही करायची तर करारनाम्याची प्रत घ्या. कोरा धनादेश मात्र कोणालाही देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम आणि नाव भरून द्या आणि धनादेशाचे क्रमांक केएफएसच्या मागे लिहून ठेवा.

सावकाराकडे गेलातच तर

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानाधारकाने शेतीच्या तारण कर्जावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, शेतीबाहेरच्या कर्जाला अनुक्रमे १५ आणि १८ टक्के घ्यायचे, तेही सरळव्याजाने. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. अवैध सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आदिवासीची जमीन तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होतच नाही, मग साध्या कागदावर काहीही लिहून घेतलेले असो.

तक्रार कुठे आणि किती खर्चात

आधी शाखेत लेखी तक्रार आणि तिची पोच. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. ऑनलाइन तक्रारीचे ठिकाण सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. नेट लागत नसेल तर साध्या टपालाने रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला, सेक्टर १७, पिन १६००१७. शुल्क काही नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ या नंबरवर मराठीत आणि तेलुगूतही बोलता येते. ग्रामीण बँक यात आधीपासून आहे, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था आणि सावकार मात्र लोकपालाकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था. पीककर्ज अडले असेल तर गडचिरोलीच्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना.

लोकपाल बँकेला कर्ज द्यायला लावू शकत नाही, कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा निर्णय आहे. पोच नाकारली, कारण दिले नाही, जादा फी कापली, केएफएस दिले नाही, अशी तक्रार असेल तर मात्र ती टिकते. त्यामुळे अर्जात "कर्ज दिले नाही" असे न लिहिता "अमुक तारखेला अर्ज केला, लेखी कारण मागितले, दिले नाही" असे लिहा.

त्यापुढे ग्राहक आयोग. जिल्हा आयोग गडचिरोलीला आहे, आलापल्लीहून शंभर किलोमीटरच्या आसपास, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करायची. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाचे शुल्क शून्य आहे.